आज रोख की उद्या उधार: आउट ऑफ द पार्क बेसबॉल, ट्रेडवेड्यांसाठी रिव्ह्यू

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, यात बटण दाबून बॅट फिरवायची नसते. आउट ऑफ द पार्क बेसबॉल, बोलताना सगळे ओओटीपी म्हणतात, हा मॅनेजरचा गेम आहे, म्हणजे टीमचे जीएम, जनरल मॅनेजर, तुम्ही, कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं, पगार किती द्यायचा, खालच्या लीगमधल्या पोराला वर कधी आणायचं हे सगळं तुमच्या डोक्यावर, आणि मॅच हवी तर बसून एकेक बॉल बघा नाहीतर आठवडेच्या आठवडे पळवा. जर्मनीच्या मार्कुस हाइन्झोननी १९९९ साली पहिलं व्हर्जन काढलं होतं. आता अमेरिकेच्या मेजर लीगचं ऑफिशियल लायसन्स आहे, तीसच्या तीस टीम खऱ्या नावांनी आणि खऱ्या प्लेअरसकट मिळतात.

इंदुरात बेसबॉल बघणारे किती असतील ते मला विचारू नका, पण क्रिकेट ज्याच्या डोक्यात बसलंय आणि आयपीएलच्या ऑक्शनच्या दिवशी जो कामधंदा सोडून टीव्हीपुढे बसतो त्याच्यासाठी हा गेम आहे असं मला मनापासून वाटतं. कारण यातली खरी जान ट्रेडमध्ये, म्हणजे दोन टीमनी आपसात प्लेअरची अदलाबदल करण्यात आहे. म्हणून या रिव्ह्यूमध्ये ग्राफिक्स, आवाज वगैरेंवर मी वेळ घालवणार नाहीये. थ्रीडी मध्ये मैदान दिसतं, प्लेअर पळतात, ठीक आहे, बास.

ज्यांना बेसबॉलमधला ट्रेड माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे एखादा पोरगा टीमने साइन केला, मेजर लीगमध्ये आला, की त्याची सहा वर्षांची सर्व्हिस होईपर्यंत तो मोकळा होत नाही, टीमच्या ताब्यात असतो, आणि त्यातली पहिली साधारण तीन वर्षं त्याला किमान पगाराच्या आसपासच मिळतं. २०२५ मध्ये हा किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. आपल्याला प्रचंड वाटतो, पण त्याच टीममध्ये एखादा मुरलेला पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, वर्षाला तीन-चार कोटी डॉलर घेत असतो. म्हणजे चांगला निघालेला पोरगा ही टीमसाठी स्वस्तातली सहा वर्षं असतात. आणि तरीही दर जुलैला ज्या टीम जिंकायच्या जवळ पोचलेल्या असतात त्या ही सहा-सहा वर्षं उचलून देतात आणि बदल्यात तीस-पस्तीस वयाचा एखादा माणूस आणतात जो ऑक्टोबरनंतर कदाचित टीममध्ये राहणारही नाही. किराणा दुकानात पाटी असते ना, आज रोख उद्या उधार, तसा सौदा. ड्राफ्टचे पिक, म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडायचे नंबर, तिथे जवळजवळ विकताच येत नाहीत त्यामुळे द्यायला पोरंच असतात.

२०१९ पासून ऑगस्टमधल्या मागच्या दाराच्या ट्रेड बंद केल्या, आता एकच डेडलाइन, जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ६ वाजता. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन. सराफ्यातले गाडेवाले पण आवरून गेलेले असतात आणि मी फोनवर बघत असतो कोण कुठे गेला.

गेममध्ये हे सगळं आहे आणि नुसतं नावाला नाही. प्रत्येक प्लेअरचं आजचं रेटिंग आणि पोटेन्शियल वेगवेगळं दिसतं, २० ते ८० च्या स्केलवर, खरे स्काउट, म्हणजे प्लेअर पारखणारे, वापरतात तेच स्केल, ५० म्हणजे मेजर लीगचा ॲव्हरेज माणूस. पण हे आकडे म्हणजे ब्रह्मवाक्य नाही, ते तुमच्या स्काउटचं मत असतं, आणि ओएसए नावाची गेममधलीच एक संस्था तिचं वेगळं मत देते, दोघांचं जमेलच असं नाही. ट्रेड करताना पगारातला काही हिस्सा तुम्ही उचलू शकता. ज्याची मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालीत आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये, तो नाही म्हणू शकतो, हा खऱ्या लीगचा नियमसुद्धा गेममध्ये आहे. मालक आहे, त्याचा स्वभाव आहे, तो टार्गेट देतो, प्लेऑफला पोच, अमुक जागा मजबूत कर, आणि नाही जमलं तर हाकलतो. मला वाटतं खरे जीएम पोरं का विकतात याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. विकलेलं पोरगं सहा वर्षांनी चमकणार, आणि मालकाला उत्तर याच वर्षी द्यायचंय.

ऐतिहासिक मोड हा बऱ्याच लोकांचा लाडका. १८७१ पासून कुठलंही साल उघडा. ट्रेडवाल्यांनी १९८७ उघडायलाच पाहिजे. डेट्रॉइट टायगर्स तेव्हा टोरांटोशी डिव्हिजनसाठी, म्हणजे आपल्या गटातल्या पहिल्या नंबरसाठी, झुंजत होते, पिचर कमी पडत होता, तर १२ ऑगस्टला त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर घेतला, वय ३६, आणि बदल्यात मिशिगनचाच एक वीस वर्षांचा पोरगा दिला जो त्या वर्षी खालच्या ग्लेन्स फॉल्सच्या टीममध्ये ४ जिंकून १० हरलेला होता (बेसबॉलमध्ये मॅचची हार-जीत पिचरच्या नावावर लागते) आणि इआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेले रन, ५.६८. त्या आकड्यांकडे बघून कोणीही म्हणेल द्या खुशाल. पोराचं नाव जॉन स्मोल्ट्झ. पुढे अटलांटासाठी साय यंग म्हणजे सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, वर्ल्ड सिरीज म्हणजे लीगची फायनल, करिअरमध्ये २१३ विजय आणि १५४ सेव्ह म्हणजे शेवटी येऊन राखलेल्या मॅच, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम.

आता ही गोष्ट जिथे सांगतात तिथे डेट्रॉइटची टिंगल करतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. अलेक्झांडरनी काय केलं ते बघा ना, डेट्रॉइटकडून त्या सीझनमध्ये ९ जिंकले आणि हरला एकही नाही, इआरए १.५३. डिव्हिजन शेवटच्या वीकेंडला ठरलं, टोरांटो समोरच होतं, शुक्रवारची मॅच अलेक्झांडरनीच जिंकून दिली आणि रविवारी १-० ने डेट्रॉइटचं शिक्कामोर्तब झालं. तो नसता तर ते तिथवर आलेच नसते. पुढे मिनेसोटाकडून हरले आणि त्यात अलेक्झांडरनी सुरू केलेल्या दोन्ही मॅच खराब गेल्या हे खरं, पण प्लेऑफमध्ये पोचायचं काम ज्यासाठी त्याला आणला होता ते त्यानी केलं. हां, त्यानंतर डेट्रॉइटला पुढचा प्लेऑफ थेट २००६ मध्ये दिसला आणि १९८९ ला तर १०३ मॅच हरले, तो हिशोबही मांडायलाच पाहिजे. पण एकटा स्मोल्ट्झ असता तर ही सगळी वर्षं सावरली असती असं म्हणणं म्हणजे एका माणसावर अख्ख्या टीमचं ओझं टाकणं झालं.

तर गेममध्ये १९८७ उघडलं की गंमत ही होते की स्मोल्ट्झचं पोटेन्शियल चांगलं दिसतं कारण डेटाबेसला त्याचं पुढचं करिअर माहिती असतं. सेटिंगमध्ये खऱ्या आकड्यांवरून दरवर्षी रेटिंग परत मोजायचा ऑप्शन आहे, तो बंद केला तर प्लेअर गेमच्या डेव्हलपमेंट इंजिनवर चालतात आणि मग कोणाचं काय होईल याची गॅरंटी नाही. टॅलेंट चेंज रँडमनेस म्हणून आकडा आहे, डीफॉल्ट १००, तो वाढवला तर पोरं जास्त वर-खाली होतात. तरीसुद्धा नाव वाचलं की आपला हात थांबतोच. स्मोल्ट्झ दिसल्यावर कोण देणार? जेफ बॅगवेल दिसल्यावर कोण देणार? बोस्टननी १९९० मध्ये त्याला लॅरी अँडरसन नावाच्या ३७ वर्षांच्या रिलीव्हरसाठी, म्हणजे मॅचच्या मध्येच बदली येणाऱ्या पिचरसाठी, दिला होता जो त्यांच्याकडून एकूण २२ इनिंग टाकून मोकळा झाला, आणि बॅगवेलनी ह्यूस्टनकडून ४४९ होमरन, म्हणजे आपल्या सिक्ससारखे फटके, मारले. म्हणून मोड सुंदर आहे, जुनं साल जगायला उत्तम, पण पोरगं द्यावं की न द्यावं ही जी पोटातली कालवाकालव असते ती इथे मिळत नाही. ती हवी तर चालू सीझन घ्या, आणि सगळ्यात भारी म्हणजे काल्पनिक लीग.

काल्पनिक लीगमध्ये प्लेअर गेम स्वतः बनवतो, टीमची नावं, शहरं, लोगो सगळं आपण टाकायचं, आणि ऑनलाइन लीग केली तर प्रत्येक टीमला खरा माणूस जीएम. आमची अशी लीग आहे. कमिशनर, म्हणजे लीग चालवणारे, ग्वाल्हेरचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, भयंकर शिस्तीचे, ठरलेल्या वेळेच्या आत तुमच्या टीमच्या निर्णयांची फाइल अपलोड नसेल तर तुमच्याशिवाय सीझन पुढे पळवतात आणि मग फोन केला तरी ऐकून घेत नाहीत. माझ्याकडे इंदूर होळकर. बडोद्याचा माझा आतेभाऊ, त्याच्याकडे बडोदा गायकवाड, आणि नाव ठेवल्यापासून तो १९४६-४७ ची रणजी फायनल ऐकवायचं थांबत नाही, हजारे २८८, गुल मोहम्मद ३१९, ५७७ ची पार्टनरशिप आणि समोर होळकरांची टीम. ऐकवू दे. होळकरांनी त्या काळात चार रणजी जिंकल्यात आणि त्या कशा, तर हेच करून, जिथे चांगला माणूस दिसला तिथून आणून. सी. के. नायडू नागपूरचे, त्यांना होळकरांनीच इंदूरला आणलं. इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन लढाईच्या काळात महूला लष्करात होता तर १९४४-४५ च्या फायनलला त्याला होळकरांकडून खेळवलं, नाबाद २४९ केल्या त्यानी, आणि तरीही मुंबईनी ३७४ रननी हरवलं. म्हणजे मोठा माणूस आणला की कप आलाच असंही नाही, हे आपल्या गावाला बेसबॉल न बघताही माहिती आहे.

तर आमच्या लीगमधला जुलै. मी पहिल्या नंबरच्या मागे दोन मॅच, माझा एक नंबरचा पिचर कोपराच्या इंज्युरीने सीझनभर बाहेर. आतेभावाची टीम तळाला. त्याच्याकडे ३४ वर्षांचा डावखुरा पिचर, कंट्रोल ६५, कॉन्ट्रॅक्ट याच वर्षी संपणार, लीडरशिप हाय. त्यानी मागितला माझा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. हा पोरगा माझ्या स्क्रीनवर असा दिसायचा: आज ३०, पोटेन्शियल ६५, वर्क एथिक हाय, पण बॉल ओळखायची नजर आज अगदीच कमी, खालच्या लीगमध्ये चार वेळा बॅटिंगला आला की एकदा स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आऊट, ठरलेला. माझा स्काउट म्हणतो स्टार होणार, ओएसए म्हणतं बरा निघेल, ५०.

फोनवर असं चाललं, सुरुवात आतेभावाची:

"अरे तुझ्याकडे तो पोरगा येईपर्यंत चार वर्षं जातील. तोवर तुझे बाकीचे सगळे म्हातारे."

"चार वर्षांनी तो तुझ्याकडून माझ्याविरुद्ध खेळेल त्याचं काय?"

"मग तेव्हाचं तेव्हा बघू ना रे. तुला यंदा जिंकायचंय का नाही ते सांग. आणि काकांची फाइल रात्री लागणारे, मला नंतर रडगाणं नको."

"पगाराचा अर्धा तू उचल."

"तीस टक्के. आणि तुझा तो दुसरा कॅचर पण दे."

"कॅचर नाही मिळणार. चाळीस टक्के उचल आणि नुसता पोरगा घे."

दिला. चाळीस टक्क्यांवर. आणि मी आजही म्हणतो बरोबर दिला. डावखुऱ्याने ऑगस्ट-सप्टेंबर एकट्याने ओढून नेलं, आम्ही पहिल्या नंबरवर आलो, फायनलला भोपाळकडून हरलो. पोरगा आता बडोद्याचा कॅप्टन आहे आणि चांगला खेळतो, माझ्या टीमविरुद्ध तर जरा जास्तच. पण त्या जुलैमध्ये माझ्या हातात जे होतं ते असं की टीमचे पाच मेन प्लेअर तिशी ओलांडलेले, पुढच्या वर्षी त्यातले तिघे मोकळे होणार, म्हणजे खिडकी उघडी होती ती एकच वर्ष. अशा वेळी पोरगं कपाटात जपून ठेवायचं तर मग टीम चालवायचीच कशाला? आणि उलटं पण तितकंच ठाम सांगतो, टीम मधल्या नंबरवर लटकलेली असताना नुसतं काहीतरी केलं दाखवायला असा सौदा करू नये. शिकागो व्हाइट सॉक्सनी २०१६ ला जूनमध्येच ३४ वर्षांचा जेम्स शील्ड्स घेतला आणि बदल्यात जो सतरा वर्षांचा पोरगा गेला त्यानी तोवर एकही प्रोफेशनल मॅच खेळलेली नव्हती, फर्नांडो तातीस ज्युनिअर. शील्ड्स त्यांच्याकडून त्या वर्षी ४ जिंकला आणि १२ हरला, टीम ७८-८४ वर संपली. खिडकी उघडीच नव्हती तिथे.

आणि पोरांबद्दलची जी खरी गोष्ट आहे, की सगळ्यात गाजलेला पोरगाच चमकेल असं नसतं, ती या गेमनी जितकी नीट पकडलीय तितकी मी दुसरीकडे पाहिली नाही. खऱ्या लीगमधला नमुना म्हणजे २००८ ची मिलवॉकी. १९८२ नंतर प्लेऑफ बघितला नव्हता त्या गावानी. ७ जुलैला क्लीव्हलंडकडून सीसी सबाथिया आणला, दिलेल्या पोरांत सगळ्यांचे डोळे मॅट लापोर्टावर, आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमधला सातवा पिक. सबाथियानी ११ जिंकले २ हरला, इआरए १.६५, शेवटी शेवटी तर नेहमीच्यापेक्षा एक दिवस कमी आराम घेऊन सलग टाकत राहिला, सीझनच्या शेवटच्या दिवशी शिकागोविरुद्ध पूर्ण मॅच टाकून टीमला आत नेलं, आणि हिवाळ्यात न्यूयॉर्कला निघून गेला. तिकडे लापोर्टा चाललाच नाही, २०१२ नंतर मेजर लीगमध्ये दिसला नाही. पण त्या सौद्यात एक नाव नंतर ठरवायचं म्हणून मोकळं ठेवलं होतं, त्या जागी क्लीव्हलंडनी मायकल ब्रँटली उचलला, आणि तो पाच वेळा ऑल-स्टार झाला. ही असली उलथापालथ गेममध्ये सारखी होते. पाच तारे लावलेला पोरगा बावीसाव्या वर्षी अडकून पडतो आणि कोपऱ्यातला कोणीतरी वर येतो, आणि तुम्ही दिलेली यादी दोन सीझननी उघडून बघता तेव्हा खरंच छातीत धडधडतं.

क्रिकेटवाल्यांना मुरलेल्या माणसाची किंमत वेगळी सांगायला नको, २०१८ ची चेन्नईची टीम आठवा, म्हातारे म्हातारे म्हणून लोक हसले आणि फायनलला ३६ वर्षांच्या वॉटसननी ५७ बॉलमध्ये ११७ ठोकले.

आता सेटिंगचं, कारण इथे नव्या माणसाने लक्ष दिलं नाही तर ट्रेडची मजा जाते. कॉम्प्युटरच्या टीमशी खेळणार असाल तर ट्रेडिंगच्या ऑप्शनमध्ये दोन गोष्टी आहेत, एक अवघडपणा आणि दुसरं कॉम्प्युटर पोरांना जास्त भाव देतो का जुन्यांना. माझं मत, अवघडपणा वर ठेवा आणि कल पोरांकडे थोडा झुकवा. असं केलं की तुम्हाला मुरलेला माणूस हवा असेल तर समोरचा चांगलाच पोरगा मागतो, आपली तिसऱ्या दर्जाची चार पोरं एकत्र बांधून स्टार गळ्यात मारता येत नाही. सोप्यावर ठेवलं तर कॉम्प्युटरला गंडवणं फार सोपं जातं आणि दोन-तीन सीझनमध्ये तुमची टीम अजिंक्य होते आणि गेम कंटाळवाणा. कमिशनर मोड पण बंद ठेवा, त्यात कोणताही सौदा जबरदस्तीने करता येतो. स्काउटिंगची अचूकता मात्र शंभर टक्के करू नका, पोराचं भविष्य पक्कं माहिती असेल तर सौद्यात धोका उरतच नाही.

कमी काय आहे तेही सांगतो. भाषा. हिंदी नाही, मराठीचा तर प्रश्नच नाही, आणि स्क्रीनवर इतकं बारीक अक्षर, इतके आकडे, इतके मेन्यू की ज्याला बेसबॉलचे नियमच माहिती नाहीत तो पहिल्या संध्याकाळी घाबरतो. माझा सल्ला, आधी यूट्यूबवर दोन-चार पूर्ण मॅच बघा, इनिंग, आऊट, वॉक, इआरए एवढं डोक्यात बसलं की बाकी खेळता खेळता येतं. दुसरं म्हणजे परफेक्ट टीम नावाचा कार्ड गोळा करायचा मोड आहे ज्यात खरे पैसे घालता येतात. घरात पोरं असतील तर त्यांना आधीच नीट सांगून ठेवा. ट्रेडसाठी खेळणाऱ्याला त्या मोडची गरजच नाही. आणि मालक लोकांची टार्गेट कधीकधी विचित्र वाटतात, टीम नव्याने बांधतोय हे दिसत असूनही यंदाच प्लेऑफ मागतात, पण खरे मालक याहून वेगळे असतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घ्यावा का? क्रिकेटचे स्कोअरकार्ड वाचत मोठे झालेल्या माणसाने डोळे झाकून घ्यावा. स्टीमवर मिळतो, विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो, साधा लॅपटॉप पुरतो. लेटेस्ट व्हर्जनच हवं असं काही नाही, सीझन निम्मा झाला की किंमत उतरते आणि ट्रेडची मजा मागच्या वर्षीच्या व्हर्जनमध्येही तीच आहे. पहिली टीम घेताना खूप श्रीमंत घेऊ नका, न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिस घेतलं तर पोरं न देताही पैशाने माणसं आणता येतात आणि मग आज का उद्या हा प्रश्न पडतच नाही. मिलवॉकी, क्लीव्हलंड, पिट्सबर्ग असलं काहीतरी घ्या, जिथे हात आखडता आहे.

आणि ज्यांचे नियम पक्के झालेत, लॅपटॉप आहे आणि वेळेवर फाइल टाकायची तयारी आहे त्यांनी खाली लिहा, काकांच्या लीगमध्ये जागा आहे. नागपूरची टीम सध्या कॉम्प्युटर चालवतोय, तळाला आहे, पण खालच्या लीगमध्ये सहा-सात पोरं फार गुणी आहेत आणि जुलै यायचाय अजून.